ओल्ड धावडाचा शब्द

मामा, तुम्ही गेल्यावर परवा झालेल्या तुमच्या पुण्यानुमोदनाला चिचगडात एवढी माणसं आली की मांडव पुरला नाही. शाळेतून सतरंज्या आणून रस्त्यावर टाकाव्या लागल्या. एकेक जण उठून बोलत होता. गुरुजी म्हणाले, असा वनरक्षक पुन्हा या जंगलाला मिळणार नाही. सरपंचबाई म्हणाल्या, मामांनी कुणाची भीड ठेवली नाही. मग माइक माझ्या हातात आला आणि मी "मामांनी मला खूप शिकवलं" एवढं बोलून खाली बसले. आई जाम चिडली. "शाळेत दिवसभर तोंड चालते तुवं, अना सख्ख्या मामासाठी दोन शब्द नाही निंगाले?"

शब्द होते हो मामा. पण त्या मांडवात ते कुणाला कळले नसते. तिथं सगळ्यांना वनरक्षक मामा माहीत होते. 'ओल्ड धावडा' कोण, हे तिथं एकट्या मला ठाऊक होतं. आणि त्या ओल्ड धावडाच्या नावावर मी एक खोटं लिहून ठेवलं होतं, हे तर तुम्हालाही ठाऊक नव्हतं. सात वर्षं मी ते पोटात ठेवलं. दर रविवारी तुमच्याशी बोलत होते आणि दर रविवारी गिळत होते. आज सांगते. आधी सगळं ऐकून घ्या, मग काय रागवायचं ते रागवा.

दोन हजार पाचचा हिवाळा आठवतो ना? मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तुम्ही गोंदियाला आमच्याकडे आला होता. डोळ्यावर तो हिरवा चष्मा. वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, उन्हात फिरायचं नाही. आयुष्यभर जंगलात पायपीट केलेला माणूस दोन खोल्यांत कोंडला गेला की घरादाराचं काय होतं ते आम्ही पाहिलं. आईच्या प्रत्येक भाजीत खोट निघायला लागली तेव्हा तिनं मला हात जोडले, "याले तुया संग घेऊन जा बाप्पा." मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि दुपारी बाजारातल्या गुप्ताजींच्या सायबर कॅफेत बसायची. गिऱ्हाईक नसलं की खेळायची.

तो खेळ चित्रांचा नव्हता, नुसता लिहिण्याचा होता. जगभरातली माणसं एका संकेतस्थळावर एका काल्पनिक राज्याची गोष्ट मिळून लिहायची. प्रत्येकाचं एक पात्र. कुणी तलवारबाज, कुणी जादूगार, कुणी ड्रॅगन पाळणारा. आपल्या पात्रानं काय केलं ते आपण लिहायचं आणि लढाईचा निकाल खेळ चालवणारी मार्ता द्यायची. ती पोर्तुगालची. मी एक तिरंदाज घेतली होती आणि नेमकी त्याच दुपारी ती मेली. मी कपाळावर हात मारला तेव्हा तुम्ही विचारलंत, "का झालं?"

"मेली माझी तिरंदाज. जखम झाली होती."

"अना पट्टी कोनी नाही बांधली?"

मी सांगितलं, इथं पट्टी नसते, काढा असतो. कुपीतला लाल काढा प्यायला की माणूस खडखडीत उभा राहतो. माझ्याकडचा संपला होता.

"लाल काढा कायचा रायते?"

"कशाचा म्हणजे? लाल."

"लाल हा त रंग झाला वो पोरी. पाला कोनता? साल का मूळ?"

मी पुन्हा लालच म्हणाले. तुम्ही एवढ्या जोरात हसलात की गुप्ताजी गल्ल्यावरून उठून आले. "क्या हुआ मामाजी?" तुम्ही त्यांना म्हणालात, "पूरी दुनिया लढाई कर रही है साहब, लेकिन दवाई का किसी को पता नहीं." माझी तिरंदाज मेली त्यापेक्षा तुम्हाला त्या लाल कुपीचंच दुःख जास्त झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या आधी चपला घालून दारात उभे. नवं पात्र करायचं होतं. मी वाचून दाखवलं, टोकदार कानांचा एल्फ होता येतं, बुटका होता येतं, राक्षसही होता येतं. "मानूस लिव," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, तलवार देऊ की भाला? "मी कायले कोनाले मारू? मारनारे बहुत हायेत तठी. पट्टी बांधनारा कोन हाय?" नाव विचारल्यावर एक क्षणही थांबला नाहीत, आपल्या जंगलातल्या झाडाचं सांगितलंत, धावडा. वय विचारल्यावर स्वतःचं खरं वय सांगितलंत. त्या जगात सगळे वीस-पंचवीस वर्षांचे, नाहीतर हजार वर्षांचे. साठीचा तुम्ही एकटेच. म्हणून सगळे तुम्हाला ओल्ड धावडा म्हणायला लागले.

तुम्ही सांगायचं झाडीबोलीत आणि मी टाइप करायचं इंग्रजीत. आपली ही जोडी अशी जमली.

पहिलं भांडण आठवड्याच्या आतच झालं. खिंडीत लढाई लागली होती, चार जण जखमी पडले होते आणि सगळे धावडाकडे काढा मागत होते. मी बोटं कळफलकावर ठेवून तयार. तुम्ही म्हणालात, "लिव, आज साँजच्याला झाडाले नेवता देतो. उद्या सकाळी पाला तोडतो."

"मामा, माणसं मरताहेत! झाडाला निमंत्रण कसलं देता?"

"मंग काल कायले झोपले होते थे? लढाई का आजच समजली का त्यायले?"

मला वाटलं, माझी अब्रू जाते आता. पण लिहिलं. हे तुमच्या आईचं, म्हणजे माझ्या आजीचं होतं. गावात कुणाला काही झालं की ती आदल्या दिवशी सांजेला झाडाजवळ जाऊन सांगायची, उद्या अमक्यासाठी येते, आणि सकाळी जाऊन तोडायची. छपन्नसालच्या दीक्षेनंतर तिनं झाडापुढचे हळद-तांदूळ सोडले, पण सांगणं सोडलं नाही. मी तुमच्याशी त्यावरून किती वाद घातला. झाडाला कान असतात का? बाबासाहेबांनी आपल्याला हेच शिकवलं का? तुम्ही चिडला नाहीत. "झाडाले नाही ऐकू येत, मले मालूम हाय. पन साँजच्याला पाहून ठेवलेलं झाड सकाळी दुसऱ्यांदा पाह्यल्या जाते. दोनदा पाह्यला त पाला चुकत नाही. घाईत तोडनाऱ्याच्या हाती इखाचा कुचला येते." मी म्हटलं, मग सरळ 'आदल्या दिवशी पाहून या' असा नियम सांगा, नेवता कशाला म्हणता? तुम्ही म्हणालात, "नुसतं पाहून ये म्हनलं त कोनी जात नाही." हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. निदान अर्धं तरी.

पण मार्ताला तुमचं पटलं. तिनं विचारलं, झाडानं निमंत्रण नाकारलं तर? तुम्ही सांगितलंत, "मंग दुसऱ्या झाडाकडं जा लागते. पाहुण्याले वढून आनत नाही कोनी." तिला ते इतकं आवडलं की महिनाभरात तिनं तो सगळ्या राज्याचा नियमच करून टाकला. कुठल्याही वैद्याला लढाईच्या आदल्या दिवशी लिहून ठेवावं लागायचं की मी अमक्या झाडाला निमंत्रण दिलं आहे. नाही लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी तो पाला त्याला मिळायचा नाही. पहिल्यांदा लोकांनी बोंबाबोंब केली. मग त्यांच्या लक्षात आलं की आता वैद्याला उद्याचा विचार करावा लागतो, कुणाला काय होऊ शकेल हे आदल्या दिवशी ओळखावं लागतं. लाल कुपीवाले हळूहळू गायब झाले. चिचगडच्या म्हातारीची रीत पोर्तुगालपासून फिलिपिन्सपर्यंत चालू लागली आणि टाइप करणारी मी होते, या विचारानं मी कॅफेत खुर्चीत ताठ बसायची.

खऱ्या वनस्पतींची नावं मात्र तुम्ही कधी सांगितली नाहीत. "कोनी पोट्टं खरंच उकळून पिईन," म्हणायचात. म्हणून तुम्ही नावं तयार केलीत. रक्त थांबवायला रातबोली, विष उतरवायला राखवेल. आणि प्रत्येक काढ्याला पथ्य. नऊ दिवस वांगं नाही. पोलंडच्या एका तलवारबाजानं निरोप पाठवला की आमच्या डोंगरात वांगं उगवतच नाही, मग मी काय सोडू? तुम्ही दोन मिनिटं विचार केलात आणि म्हणालात, "जे रोज खाते अना ज्याच्याबिगर जमत नाही, थे सोड म्हना." त्यानं बिअर सोडली. त्याच्या पात्रानंच नाही, त्यानंसुद्धा. तसं त्यानं कळवलं होतं आणि मी तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही गुप्ताजींना चहा सांगितला होता.

आणि तो इंदूरचा जादूगार आठवतो? त्याला भीती घालवणारा काढा हवा होता. सैन्याला पाजायचा, म्हणजे कुणी पळणार नाही. तुम्ही साफ नाही म्हणालात. "अस्वल समोर आलं तवा मले भेव लागला, म्हनून मी आज इथं बसलो. माज्या संगच्याले नाही लागला. त्याच्या पाठीवर अजून नखं हायेत." तो हटेना, तेव्हा तुम्ही दिलात तो 'भेवथांब'. भीती जात नाही, फक्त सूर्य मावळेपर्यंत थांबते. मावळला की सगळी परत येते आणि तेव्हा ज्यानं काढा दिला त्यानं जवळ बसून हात धरायचा. मग त्या लढाईनंतर लोकांनी काय काय लिहिलं! एरवी लढाई जिंकली की पान संपायचं. त्या दिवशी मोठमोठे तलवारबाज ओळीनं बसून थरथरत होते आणि दुसरे त्यांचे हात धरून होते. हे सगळं अनोळखी माणसांनी आपापल्या देशात बसून लिहिलं, तुमच्या एका अटीमुळे. मला तेव्हा रडू आलं होतं. तुम्हाला सांगितलं, डोळ्यात कचरा गेला.

तुम्ही चिचगडला परत गेल्यावर खेळ बंद पडेल असं वाटलं होतं. पण तुम्ही मोबाइल घेतलात. गावात रेंज यायची ती फक्त तलावाच्या पारीवर, उंच बांधावर. शनिवारी सांजेला नेवता सांगायला आणि रविवारी चार वाजता लढाईला, तुम्ही पारीवर चढून उभे. म्हशी धुणारे लोक कान देऊन ऐकायचे. एकदा मागून कुणीतरी विचारलेलं मला फोनमधून स्पष्ट ऐकू आलं होतं, "कोनती लढाई होऊन राहिली वो मामा?" तुम्ही म्हणालात, "राखगडची." आणि तो म्हणाला, "आपल्याच तालुक्यात येते का थो?"

तुमच्या बोलण्याचं इंग्रजी करता करता मला इंग्रजी आलं, हे तुम्हाला मी सांगितलं होतं का? दवनीवाड्याच्या शाळेत मुलाखत झाली तेव्हा त्यांनी विचारलं, साध्या घरातली तुम्ही, एवढं चांगलं इंग्रजी कुठं शिकलात? मी म्हणाले, मामांकडे. त्यांना वाटलं मामा प्राध्यापक असतील. मी ते खोडून काढलं नाही.

आता ते खोटं.

दोन हजार नऊ. धानाची कापणी चालू होती. शनिवारी तुमचा फोन आला नाही. मी केला तर लागला नाही. रविवारी राखगडावर हल्ला झाला. तो उत्तरेचा शेवटचा गड आणि तिथली कप्तान ओर्मा. ओर्माला खेळवायची लिझा, फिलिपिन्समधली एक नर्स. चार वर्षं तिनं ती कप्तान जपली होती. विषारी बाण ओर्माच्या खांद्यात लागला आणि लिझानं लिहिलं, "ओल्ड धावडा, राखवेल आहे का?" सगळे थांबले. ओर्मा मेली तर गड पडणार होता.

फोन लागला एकदाचा. तुम्ही धापा टाकत होतात.

"मामा, राखवेलीला काल नेवता दिला होता ना तुम्ही? रेंज नव्हती म्हणून सांगता आलं नाही, असंच ना?"

"नाही वो. काल दिवसभर धानाच्या बांधीत होतो. ध्यानातच नाही राह्यलं."

"मामा, दिला होता असं लिहून टाकते. रेंज नव्हती हे तर खरंच आहे."

"रेंज नोहती हेबी खरं अना नेवता देल्ला नाही हेबी खरं." मग म्हणालात, "लिव. माज्याजवर नाही. काल सांगितलं नाही."

आणि फोन कटला. मी पुन्हा लावला नाही.

मी लिहिलं, "राखवेल आहे. काल निमंत्रण दिलं होतं, पण गावात रेंज नसल्यामुळे कळवता आलं नाही. घे ओर्मा."

मामा, लिझाची मला दया आली हे खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. मला तुमचा जयजयकार पाहायचा होता. राखगड वाचवला तो ओल्ड धावडानं, असं त्या राज्याच्या इतिहासात माझ्या मामाचं नाव लागलेलं मला बघायचं होतं. आणि लागलं. एकानंही शंका घेतली नाही. दुसऱ्या कुठल्या वैद्यानं असं सांगितलं असतं तर लोकांनी त्याला फाडून खाल्लं असतं. मार्तानं एका ओळीत विषय संपवला, "धावडा म्हणतो दिलं होतं, म्हणजे दिलं होतं." गड वाचला. दोन दिवस कौतुकाचे निरोप येत राहिले आणि मी ते एकटी वाचत बसले. तुम्हाला कसे वाचून दाखवणार होते?

पुढच्या रविवारी तुम्ही पहिलं विचारलंत, "थे कप्तानीन गेली का वो?"

मी म्हटलं, "नाही, वाचली. दुसऱ्या एका वैद्याजवळ राखवेल होती."

"कोन?"

"नवा आहे. तालेन नावाचा."

असा कुणी तालेन नव्हता. तोंडात आलं ते नाव मी सांगितलं. तुम्ही किती खुश झालात! "त्याले माजा जयभीम सांगजो. त्यानं आदल्या दिशी ध्यान ठेवलं, मी धानात इसरलो. माज्यापेक्षा पक्का वैद्य हाय थो." मी म्हटलं, सांगते.

तिथं संपलं असतं तरी चाललं असतं. पण तुम्ही त्या तालेनला सोडलंच नाही. तालेन काय म्हनते? तालेननं यंदा कोनता काढा केला? त्याले इचार, भेवथांबात काही सुधारा लागते का? मी दर वेळी काहीतरी ठोकून द्यायची. त्या रविवारनंतर तुम्ही एकही शनिवार चुकवला नाहीत. पाऊस असो, गुडघा दुखत असो, पारीवर चढायचात, कारण एकदा विसरलात म्हणून एक कप्तान मरता मरता राहिली, असं तुमच्या मनानं घेतलं होतं. त्या राज्यात तुमच्याएवढा मान कुणालाच नव्हता आणि तुम्ही स्वतःला दोन नंबरचा वैद्य समजून राहिलात. ते माझ्यामुळे. यासाठी मला स्वतःची फार लाज वाटते, मामा.

सांगायची वेळ आली नाही असं नाही. तुम्ही म्हणायचात, "आईचे खरे पाले मी लिवून देनार नाही. ज्याले शिकाचं हाय त्यानं माज्या संग चालावं." मी दर दिवाळीला म्हणायची, या सुट्टीत येते. चार दिवस जंगलात तुमच्याबरोबर हिंडले असते तर कधीतरी तोंडून निघालंच असतं. पण पेपर तपासायचे असायचे, लेकराचा ताप असायचा. मी आले नाही. आजीचे पाले तुमच्याबरोबर गेले आणि त्याला कारण फक्त तुमचा हट्ट होता असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. माझा आळसही होता, हे आज कबूल करते.

दवाखान्यात शेवटी भेटले तेव्हा तुम्ही हातानं जवळ बोलावलंत. मला वाटलं पाणी हवं आहे. तुम्ही म्हणालात, "त्या तालेनले सांगजो, माजी जागा घे म्हनाव. माज्यानं आता पारीवर चढनं होत नाही." तेव्हा तरी बोलायला हवं होतं. आई शेजारी होती, सलाइन चालू होतं, मी नुसती मान डोलावली. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

मग काल रविवार होता. चार वाजता मी घरीच संगणकासमोर बसले. आता त्या खेळात पूर्वीसारखी गर्दी नाही, पण जुने बरेच आहेत. मी आधी लिहिलं की ओल्ड धावडा गेले. मग लिहिलं की ते खरोखर साठीत खेळायला लागलेले एक वनरक्षक होते, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, टाइप करणारी मी, त्यांची भाची. आणि मग राखगडाचं सगळं लिहिलं. धावडा नाही म्हणाला होता. आहे असं मी लिहिलं. ते पाठवण्याआधी मनात आलं, लोक म्हणतील, मग बाकीचं तरी खरं कशावरून? नेवता, भेवथांब, पथ्य, सगळ्यावर पाणी पडेल. माझ्या एका ओळीपायी तुमचा अकरा वर्षांचा शब्द जाईल, ही भीती होती. तरी पाठवलं, कारण न सांगता तो शब्द टिकवणं म्हणजे पुन्हा तेच केल्यासारखं झालं असतं.

पहिल्यांदा सगळ्यांनी तुमच्यासाठी लिहिलं. ते मी आईला मराठीत वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "एवढी मानसं? मले त वाटे, थो पारीवर कोनाशी भांडते."

मग राखगडाचा विषय निघाला. मार्ता म्हणाली, आता राहू द्या. त्या एका विजयावर सात वर्षांची गोष्ट उभी आहे, ओर्माची मुलगी, उत्तरेचा तह, सगळं. खेळ आहे, चूक भाचीची आहे, तिनं कबूल केली, झालं. इंदूरचा जादूगारही म्हणाला, जिंकलेला गड कुणी परत देतं का?

त्यावर लिझानं लिहिलं. मी तिच्या पाया पडायची बाकी आहे, मामा. ती म्हणाली, "मी नर्स आहे. औषध नसताना आहे म्हणून सांगणारी माणसं मी पाहिली आहेत आणि नाही म्हणून सांगणारीही. धावडानं नाही म्हटलं होतं ना? मग माझी ओर्मा त्याच दिवशी गेली." आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं आपल्या ओर्माचं मरण स्वतः लिहिलं. खांद्यात बाण. शेजारी बसलेला म्हातारा धावडा. ओर्मा विचारते, राखवेल आहे का? तो म्हणतो, नाही. आणि तिचा हात धरून शेवटपर्यंत बसून राहतो.

त्यानंतर एकेकानं आपापली सात वर्षं मागे घेतली. तह करणाऱ्यानं तह फाडला. ओर्माच्या मुलीला खेळवणाऱ्या पोरीनं लिहिलं की माझं पात्र जन्मलंच नाही. जादूगार सगळ्यांत शेवटी आला, पण आला. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी तर राहू द्या, राहू द्या म्हणत होते. माझा मामा नाही म्हणाला होता, एवढ्यासाठी परक्या देशांतल्या माणसांनी जिंकलेला गड सोडला. मला तुमचा अभिमान आधीही होता, पण त्या दुपारी तो छातीत मावेना. मी आईच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडले. तुमचं नाव मोठं करायला मी खोटं लिहिलं होतं आणि तुमचं नाव माझ्या लिहिण्यापेक्षा किती मोठं होतं हे मला काल कळलं.

शेवटी मार्तानं मला विचारलं, त्या दिवशी धावडा नेमकं काय म्हणाला होता? भाषांतर नको, त्याचेच शब्द दे. मी दिले. आता त्या राज्याच्या नकाशावर राखगडाच्या जागी पडका बुरूज आहे आणि त्याच्याखाली, एरवी सगळ्या इंग्रजी असलेल्या त्या नकाशावर, देवनागरीत दोन वाक्यं आहेत: "माज्याजवर नाही. काल सांगितलं नाही."